सागरतीरी कुलसंमेलन



वऱ्हाडात जन्मलेल्या माणसास समुद्राचे प्रथम दर्शन बहुधा मोठेपणीच घडते. अमरावती किंवा अकोला येथून सागरकिनारा गाठावयाचा म्हणजे एक रात्र आणि वर जवळजवळ एक दिवस प्रवास करणे आले. असे असूनही सगळे घराणे एकत्र जमवून दोन-तीन दिवस समुद्रकाठी घालवावे, हा विचार अलीकडे आपल्याकडील पुष्कळ घरांतून बोलला जातो. विचार चांगला आहे. परंतु तो तडीस कसा न्यावा, याची चर्चा फारशी होत नाही. ती आज थोडक्यात करावी, असा माझा हेतू आहे.

पूर्वी नातलगांची गाठ लग्नामुंजीत पडे. लग्न चार दिवस चाले आणि त्या चार दिवसांत चुलत-मावस भावंडांची ओळख आपोआप होई. आता लग्न एका सायंकाळी उरकते. आहेर द्यावा, पानावर बसावे आणि परतीची गाडी गाठावी, एवढाच अवकाश उरतो. तेव्हा जे काम लग्नघर सहज करीत असे, ते आता मुद्दाम योजून करावे लागते.

यासाठी समुद्रच का, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर इतिहासात आहे. १८५३ साली वऱ्हाड प्रांताचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि १८६७ साली मुंबईपासून नागपूरपर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला. कापसाचा व्यापार, कचेऱ्या, न्यायालये आणि शाळा यांच्या निमित्ताने कोकणातील व देशावरील अनेक घराणी वऱ्हाडात येऊन स्थायिक झाली. त्यांची भाषा वऱ्हाडी वळणाची झाली, जेवणात ज्वारीची भाकरी आली; पण कुलदैवत मात्र किनाऱ्यावरच राहिले. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरचा व्याडेश्वर किंवा वेळणेश्वर ही अशा कित्येक घराण्यांची दैवते होत. या घराण्यांना समुद्रकाठचे संमेलन म्हणजे मूळ गावाकडे फेरी होय. ज्यांचे मूळ वऱ्हाडातच आहे, त्यांनाही गुहागरसारखे शांत गाव सोयीचे आहे. म्हणून पुढील विवेचन मी गुहागर डोळ्यांपुढे ठेवून करतो.

आमच्या घराण्याचे पहिले संमेलन असेच एका सागरतीरी भरले होते. व्यवस्था चोख होती. स्पर्धा झाल्या, गाणी झाली, छायाचित्रे निघाली. आमची एक आत्या तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती. सात भावांपैकी अचलपुरास कोण आला, कोण परत गेला, कोणाच्या घरी कोण दत्तक गेले, हे सारे सांगू शकणारी तीच एक उरली होती. उतरण्याची जागा दुसऱ्या मजल्यावर आणि कार्यक्रम वाळूवर. त्यामुळे ती बहुतेक वेळ खोलीतच बसून राहिली. तिच्यापाशी बसावे, हे आम्हां कोणाच्याही लक्षात आले नाही. पुढील संमेलनापूर्वी ती निवर्तली. त्या दोन दिवसांचा हिशेब आमच्या वहीत पैपैसह आहे. सात भावांचा मात्र नाही.

यावरून मी एक नियम शिकलो. संमेलनाची आखणी घराण्यातील सर्वांत दुबळ्या माणसापासून सुरू करावी. वयाने जो सर्वांत थकला आहे, पैशाने जो सर्वांत ओढग्रस्त आहे आणि ज्याला अजून धोका कळत नाही असे लहान मूल, या तिघांना जे सोसेल ते बाकीच्यांना सहज सोसते. पुढील प्रत्येक बाब याच कसोटीवर पाहू.

प्रथम काळ. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे जूनमधील मोकळे दिवस सोयीचे वाटतात. येथेच फसगत होते. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच सुरू होतो व समुद्र खवळतो. यांत्रिक नौकांना तर १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदीच असते. दिवाळीची सुटी घ्यावी, तर शेती असलेल्या भावांकडे कापसाची वेचणी चालू असते. म्हणून जानेवारीचा उत्तरार्ध मला सर्वांत योग्य वाटतो. वेचणीचा भर ओसरलेला असतो, परीक्षा दूर असतात आणि हवा वृद्धांना मानवते. महाशिवरात्रीस शिवालयांत यात्रेची गर्दी असते, हेही तारीख ठरविताना ध्यानात घ्यावे.

दुसरी बाब प्रवासाची. कोकण रेल्वे १९९८ साली संपूर्ण खुली झाल्यापासून गुहागरसाठी चिपळूण हे सोयीचे स्थानक झाले आहे. तेथून गुहागर सुमारे ४५ किलोमीटर, रस्ता डोंगराळ. अमरावती, बडनेरा व अकोला येथून रात्रीच्या गाडीने निघावे, मुंबईकडे गाडी बदलावी आणि चिपळुणास उतरावे, हा सरळ क्रम होय. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी मिळते आणि एका तिकिटावर सहांहून अधिक नावे घालता येत नाहीत. ऐंशी माणसांची तिकिटे म्हणजे किमान चौदा तिकिटे झाली. म्हणून घरांचे गट पाडावेत, प्रत्येक गटास एक प्रमुख नेमावा आणि प्रत्येक गटात एक तरुण व एक वृद्ध असेल असे पाहावे. खालचे बाक वृद्धांना मिळतील याची जबाबदारी गटप्रमुखाची. परतीचे आरक्षण त्याच्या दिवशी विसरू नये.

तिसरी बाब पैशाची, आणि ती सर्वांत नाजूक आहे. निवास व भोजन यांची वर्गणी माणशी घेणे न्याय्य होय. मुलांची निम्मी असावी. पण प्रवासाचे काय? पुण्यामुंबईचा भाऊ थोडक्या खर्चात पोहोचतो, अकोल्याच्या भावास त्याच्या दुपटीहून अधिक पडते. संमेलन जर सर्वांचे, तर अंतराचा भारही सर्वांनी वाटून घ्यावा. सगळा प्रवासखर्च समाईक खात्यात घालून त्याची सरासरी काढावी. ज्याला तीही वर्गणी जड जाईल, त्याच्यासाठी सुस्थितीतील मंडळींनी एक राखीव रक्कम ठेवावी. ती कोणास दिली हे दोनच वडीलधाऱ्यांना ठाऊक असावे आणि पावती सर्वांना सारखी मिळावी. पैशाअभावी न आलेला मनुष्य कधीही ‘पैसे नाहीत’ असे सांगत नाही. तो ‘रजा नाही’ असे सांगतो.

निवासासंबंधी एवढेच सांगतो, की लहान गावात ऐंशी माणसे एका छपराखाली मावणे कठीण. पाचसहा घरगुती निवासस्थाने जवळजवळ घ्यावीत, तळमजले वृद्धांना द्यावेत व सर्वांना चालत येता येईल असे एक अंगण भोजनास निवडावे. उकडीचे मोदक व सोलकढी यांचे कौतुक सर्वांना असतेच. पण तीन दिवस भाताने वऱ्हाडी माणसाचे पोट भरत नाही. ज्वारीचे पीठ व तुरीची डाळ बरोबर न्यावी. एका रात्री रोडगे आणि वांग्याची भाजी करावी. यजमान मंडळींनाही ती गंमत वाटेल.

आता समुद्र. गुहागरचा किनारा लांब आणि सुंदर आहे, पण नवख्या माणसाने पाण्याचा विश्वास धरू नये. भरतीची वेळ काढण्याची आपल्याकडे एक जुनी रीत आहे. तिथीचा अंक तिनाने गुणावा व चाराने भागावा. येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या व पौर्णिमेस उधाण, म्हणजे पाण्याची चढउतार मोठी. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे ती सौम्य. हा अंदाज झाला. नेमकी वेळ गावातील कोळ्यास विचारावी. ओहोटी लागली असता पाणी आत ओढते, म्हणून तेव्हा स्नानास उतरू नये. मुलांवर लक्ष ठेवणारी माणसे नावानिशी व पाळीने नेमावीत. ‘सगळे पाहतच आहेत’ याचा अर्थ कोणीच पाहत नाही, असा होतो. हेदवीस दशभुज गणेशाच्या दर्शनास जाल, तेव्हा तेथील बामणघळही पाहाल. खडकाच्या अरुंद भेगेत भरतीचे पाणी घुसून उंच उसळते. ते दुरूनच पाहावे. उलट ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते. वृद्धांना तिच्यावरून सावकाश फिरवून आणावे. आमच्या आत्याला तेवढेही घडले नाही.

शेवटची बाब स्मृतीची. एक सबंध सकाळ, भोजनापूर्वी, केवळ यासाठी राखावी. मोठ्या कागदावर वंशवृक्ष काढून भिंतीस लावावा आणि प्रत्येक शाखेतील सर्वांत वडील व्यक्तीस बोलते करावे. मुलांनी प्रश्न विचारावेत, एकाने लिहावे, एकाने ध्वनिमुद्रण करावे. जुन्या कुलवृत्तांतांत लेकीसुनांची नोंद पुष्कळदा त्रोटक असते. ती उणीव आपण भरून काढावी, कारण घरातील गोष्टी बहुधा त्यांनाच ठाऊक असतात. मुंबईच्या वाटेवर नाशिक लागते. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांच्या यात्रेची नोंद असू शकते. कोणा एका जोडप्याने परतीच्या वाटेवर तेथे उतरून ती पाहून यावी.

अखेरच्या दिवशी जमाखर्च वाचावा, उरलेली शिल्लक जाहीर करावी आणि पुढील संमेलनाचे वर्ष ठरवूनच उठावे. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. संमेलनास अजून सहा महिने असतील, तरीही आज संध्याकाळी आपल्या घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसता येईल. समुद्र पुढल्या वर्षीही तेथेच असणार आहे.