फाइलीवरचा शेरा, लोकसभेतला राजीनामा

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत मंत्रिपदी बसलेल्यांपैकी बहुतेकांनी ब्रिटिशांचे तुरुंग पाहिले होते. चिंतामणराव देशमुखांनी मात्र त्या सरकारची चाकरी केली होती. आयसीएसमध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचा कारभार, 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1944 मध्ये ब्रेटन वुड्स परिषदेत भारताचे प्रतिनिधी, अशी त्यांची वाटचाल झाली. 1950 मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले, ते चळवळीच्या पुण्याईवर नव्हे, कामाच्या जाणकारीवर. अशा माणसाकडून हुकूम पाळण्याची अपेक्षा असते. पण मुरलेल्या सनदी अधिकाऱ्याला आणखी एक सवय असते: निर्णय पटला नाही तर फाइलीवर कारणांसह तसा शेरा मारायचा. देशमुखांनी ही सवय राजकारणात नेली. त्यांचे मोठेपण तिच्यात होते आणि मर्यादाही तिच्यातच.

जानेवारी 1956 मध्ये हे नीट दिसले. मुंबई केंद्रशासित होणार हे नेहरूंनी जाहीर केले आणि शहर पेटले, गोळीबारात माणसे मेली. देशमुखांनी राजीनामा देऊ केला. तो जुलैमध्ये मार्गी लागला. लोकसभेतल्या निवेदनात त्यांनी मुंबई हातची जाते याचे दुःख मांडलेच, शिवाय एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, यावरही बोट ठेवले. पंतप्रधान कितीही लोकप्रिय असला तरी सामूहिक जबाबदारीला पर्याय होऊ शकत नाही, हा त्यामागचा मुद्दा होता.

यावर कोणी म्हणेल, कार्यपद्धतीचा आग्रह धरणाऱ्या याच मंत्र्याने जानेवारीतल्या त्याच आठवड्यात गुप्तता राखून, वटहुकमाने आयुर्विमा कंपन्या ताब्यात घेतल्या नव्हत्या का? घेतल्या होत्या. पण आधी बोभाटा झाला असता तर कंपन्यांना पैसा इकडचा तिकडे करायला सवड मिळाली असती. आणि पुढे संसदेने रीतसर कायदा केला, त्यातून 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. मुंबईच्या प्रश्नात अशी निकड नव्हती. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: प्रश्न आपल्या प्रांताचा आला तेव्हाच हे तत्त्व सुचले. यात तथ्य आहे. मात्र 1952 मध्ये ते कुलाब्यातून निवडून आले होते. अधिकारी अडचणीच्या जागेवरून बदली मागू शकतो. लोकप्रतिनिधीला मतदारांसमोर उभे राहावेच लागते. त्यांच्यातला अधिकारी इथे खऱ्या अर्थाने लोकप्रतिनिधी झाला.

मर्यादा पुढे उघडी पडली. संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्ता सोडणाऱ्या देशमुखांनी त्या लोकभावनेवर स्वतःचा पक्ष वा संघटना उभारली नाही. ते विद्यापीठ अनुदान आयोगाकडे वळले. 1969 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते तिसरे आले. शेरा मारणाऱ्याला आपली बाजू नोंदवता येते. ती जिंकायची तर माणसे जोडावी लागतात, आणि ती विद्या आयसीएसच्या शिक्षणात नव्हती. तरीही पंतप्रधानाला भर सभागृहात कार्यपद्धतीचा जाब विचारता येतो, हे नव्या लोकशाहीला एका जुन्या अधिकाऱ्याने दाखवून दिले.