वापरला नसला, तरी टायर जुना होतोच!

बारामती : एकेकाळी स्वतंत्र गाव असलेली जळोची आज बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. येथील अनेक घरांपुढे उभी असलेली मोटार आठवडाभर जेमतेम बाजारापर्यंत जाते आणि सुटीच्या दिवशी मात्र शंभर किलोमीटरवरच्या पुण्याकडे भरधाव धावते. अशा गाडीचे टायर बदलण्याची वेळ आली, की 'टायर कोराच आहे, फक्त माल थोडा जुना आहे' असे सांगून स्वस्तात दिला जाणारा टायर मोहात पाडतो. खोल नक्षी, काळाभोर रंग आणि चाकावर कधीही न चढलेला टायर धोकादायक कसा असेल, असा प्रश्न ग्राहकाला पडणे स्वाभाविक आहे.

याचे उत्तर रबराच्या गुणधर्मात आहे. टायरचे वय तो गाडीला बसविल्यापासून नव्हे, तर तो तयार झाल्यापासून मोजले जाते. हवेतील प्राणवायू रबरात हळूहळू शिरतो आणि त्याची लवचिकता कमी करतो. उष्णतेमुळे ही क्रिया वेगाने होते. टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यांना धरून ठेवणारे रबर कडक झाले, की थरांची पकड सैल होते. वेगात चाक तापल्यावर वरचा थर सोलून निघण्याची भीती असते. ओझोन वायूपासून संरक्षणासाठी रबरात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. पण टायर फिरताना दबला-ताणला गेला, तरच ते पृष्ठभागावर नीट पसरतात. म्हणजे नुसता पडून असलेला टायर एका अर्थाने अधिकच उघडा पडतो.

याची भीषण प्रचिती ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये आली. संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर सरे परगण्यात फुटला आणि दोन तरुण प्रवाशांसह चालकाचा मृत्यू झाला. त्या टायरची नक्षी कायद्याच्या कसोटीला उतरणारी होती. मात्र त्याचे वय साडेएकोणीस वर्षे, म्हणजे खुद्द बसपेक्षाही जास्त होते. मृत तरुणांपैकी एकाच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तेथे बस व मालमोटारींच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास बंदी आली.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९४ नुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. वयाची मर्यादा मात्र त्यात नाही. त्यामुळे 'गोटा' झालेला टायर कायद्याच्या कचाट्यात सापडतो, पण म्हातारा टायर सुटतो. ती पारख ग्राहकालाच करावी लागते.

ही पारख अवघड नाही. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत किंवा सांकेतिक क्रमांकाच्या अखेरीस चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा, अर्थात जून महिना. एका बाजूला हे आकडे दिसले नाहीत, तर दुसरी बाजू पाहावी. तीनच आकडे असतील, तर तो टायर २००० पूर्वीचा समजावा.

मग किती जुना टायर घ्यावा? जर्मनीतील व्यापारात योग्य रीतीने साठविलेला, न वापरलेला टायर तीन वर्षांपर्यंत 'कारखान्यातून आल्यासारखा' आणि पाच वर्षांपर्यंत 'नवा' मानण्याचा प्रघात आहे. काही मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात, तर मिशेलिन कंपनी पाच वर्षांच्या वापरानंतर दरवर्षी तपासणी आणि उत्पादनापासून दहा वर्षांनी स्टेपनीसह सर्व टायर बदलण्यास सांगते. याचा अर्थ पाच वर्षांचा कोरा टायर घेणाऱ्याच्या हाती त्याचे निम्मेच आयुष्य उरते. सवलत तेवढी आहे का, हा हिशेब आधी करावा.

साठवणही तितकीच महत्त्वाची. थंड, कोरड्या, अंधाऱ्या गोदामातील दोन वर्षे आणि बारामतीच्या उन्हाळ्यात दुकानाबाहेर पत्र्याच्या शेडखाली काढलेली दोन वर्षे सारखी नसतात. बाजूवर किंवा नक्षीच्या खाचांत बारीक भेगा दिसल्या, तर किंमत कितीही कमी असो, असा टायर नाकारावा. भेगा नसल्या, तरी आतील थर शाबूत असल्याची ती हमी नव्हे.

टायरवर आयएसआय चिन्ह आहे ना, हे पाहावे. उत्पादनाचे चार आकडे पावतीवर लिहून घ्यावेत. जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला गेल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागताना ही पावतीच कामी येते. आणि घरी परतल्यावर डिकीतील स्टेपनीवरचे आकडेही एकदा वाचून पाहावेत. गाडीतील सर्वांत जुना 'कोरा' टायर बहुधा तोच असतो.