नंबर किती?

"बाबा, बारावी मी बाहेरून देतो. सतरा नंबरचा फॉर्म भरू या." जेवता जेवता चिरंजीवांनी जाहीर केलं आणि त्या रात्री आमच्या घरात कुणालाच जेवण गेलं नाही. मुलगा टेनिस खेळतो याचं तोवर कौतुकच होतं. पण टेनिसवर पोट भरायचं? मी नोकरदार माणूस. तोंडून पहिला प्रश्न आला, "यात पैसा किती?"

उत्तर शोधायला आम्ही दोघं पुण्यात बालेवाडीला गेलो. फेब्रुवारी २०२४. तिथे चॅलेंजर स्पर्धा चालू होती. मधल्या वाराची दुपार, प्रेक्षक मोजता येतील इतके. टीव्हीवरचा झगमगाट कुठेच नव्हता. नुकताच हरलेला एक परदेशी खेळाडू पायरीवर एकटाच बसला होता. मांडीवर ओला टॉवेल, हातात फोन. पुढच्या गावाचं तिकीट स्वतःच शोधत असावा. मी मुलाला हळूच विचारलं, "याचा नंबर किती?"

मग त्याने मला या खेळाचे मजले समजावून सांगितले. अगदी तळाच्या स्पर्धेत सगळ्यांना मिळून बक्षीस १५ हजार डॉलर. एकेरी जिंकणाऱ्याच्या हाती त्यातले सुमारे दोन हजार. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याचा प्रवासखर्चही सुटत नाही. त्यावरचा मजला चॅलेंजरचा, आणि त्याच्याही वर आपण टीव्हीवर पाहतो त्या बड्या स्पर्धा. वर चढायला गुण लागतात, आणि कमावलेला गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतो. दुखापतीने घरी बसलात की घसरण आलीच.

हरियाणातल्या झज्जरच्या सुमित नागलचंच पाहा. २०१९ च्या अमेरिकन ओपनमध्ये त्याने साक्षात फेडररकडून पहिला सेट घेतला होता. तोच सुमित सप्टेंबर २०२३ मध्ये, एकेरीत भारताचा अव्वल खेळाडू असताना, सांगत होता की बँकेत ९०० युरो उरलेत. म्हणजे जेमतेम ८० हजार रुपये! एक प्रशिक्षक बरोबर घेऊन वर्षभर फिरायचं, तर खर्च ८० लाख ते एक कोटी. चारच महिन्यांनी, जागतिक क्रमवारीत १३७ वा असताना, त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवलं. १९८९ मध्ये रमेश कृष्णनने विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत भारतीयाने मानांकित खेळाडूला नमवण्याची ही पहिलीच वेळ होती.

जगात १३७ वा! आमच्या कचेरीत जगातला १३७ वा हिशेबनीस असता, तर आम्ही त्याची मिरवणूक काढली असती. टेनिसमध्ये त्याला महिन्याचा खर्च भागवायची चिंता. २०२४ पासून एटीपीने पहिल्या अडीचशे खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना सुरू केली, हे चांगलंच झालं. पण तिथवर पोचेपर्यंतची वर्षं कुणाच्या खिशातून जायची?

घरी आल्यावर मी प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब मांडला. सगळी पुंजी एका वर्षालाही पुरत नव्हती. कागद मुलासमोर ठेवला. लपवण्यासारखं काय होतं? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बारावी कॉलेजातूनच करतो. पण सकाळचा सराव सोडणार नाही." त्याच्या आईने डोळे पुसले. सुटकेने की वाईट वाटून, ते मी विचारलं नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये शांघायची मोठी स्पर्धा आम्ही एकत्र पाहिली. मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशेरो, क्रमांक २०४, पात्रता फेरीतून आला, जोकोविचला हरवून पुढे गेला आणि चक्क विजेता झाला. त्या एका स्पर्धेने त्याला तोवरच्या साऱ्या कारकिर्दीपेक्षा जास्त पैसे दिले. मुलगा ओरडला, "बाबा, बालेवाडीची ती स्पर्धा यानेच जिंकली होती!"

मला मात्र पायरीवरचा तो दुसरा आठवला. एका वाशेरोमागे असे कितीतरी. आम्ही त्याचा नंबर विचारला, नाव नाही.

आताशा नातेवाईक भेटले की विचारतात, "काय, चिरंजीवांचा नंबर किती?" मी सांगतो, अजून लागलेला नाही. पण पहाटे साडेपाचला गजर न लावता उठतो.