विश्लेषण : फराळाच्या ताटात ग्लुटेन कुठे लपते? सिलिअ‍ॅक रुग्णांनी दिवाळीत काय खावे, काय टाळावे?

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की सिलिअ‍ॅक आजार असलेल्या व्यक्तीला हमखास दोनपैकी एक वाक्य ऐकावे लागते. ‘अरेरे, तुला यातले काहीच चालणार नाही,’ किंवा ‘सणासुदीला एक खाल्ल्याने काय होते?’ ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. महाराष्ट्रातील फराळाचे बरेच पदार्थ तांदूळ आणि डाळींचे असल्याने मुळातच ग्लुटेनमुक्त असतात. मात्र गव्हाचा अंश त्यांत भलत्याच वाटेने शिरतो. कधी हिंगाच्या डबीतून, कधी गिरणीतून, तर कधी तळणीच्या तेलातून.

सिलिअ‍ॅक आजार म्हणजे काय?

गहू, जव आणि राय या धान्यांतील विशिष्ट प्रथिनांना एकत्रितपणे ग्लुटेन म्हणतात. सिलिअ‍ॅक रुग्णांनी ग्लुटेन खाल्ले की त्यांची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नातील पोषक घटक शोषून घेणारे आतड्यातील सूक्ष्म उंचवटे त्यामुळे सपाट होत जातात. जुलाब, पोटफुगी, सतत कमी राहणारे हिमोग्लोबिन, ठिसूळ हाडे आणि मुलांची खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे. काहींना मात्र पोटाचा काहीच त्रास होत नाही.

जगात साधारण १ टक्का लोकांना हा आजार असल्याचे मानले जाते. भारतातील तीन विभागांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. यावर औषध नाही. आयुष्यभर ग्लुटेन पूर्णपणे टाळणे हाच उपचार आहे.

‘एक खाल्ल्याने काय होते?’

याचे उत्तर आकड्यांत मिळते. बहुतेक सिलिअ‍ॅक रुग्णांसाठी दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन ही सुरक्षित मर्यादा समजली जाते. १०० ग्रॅम मैद्यात साधारण ८ ग्रॅम ग्लुटेन असते. एका लहान शंकरपाळ्यात २ ग्रॅम मैदा धरला, तरी त्यात १६० मिलिग्रॅम ग्लुटेन होते, म्हणजे मर्यादेच्या १६ पट. लगेच त्रास झाला नाही म्हणून ते पचले, असेही नाही. आतड्याचे नुकसान लक्षणांशिवायही होत राहते.

फराळातले काय चालते, काय नाही?

मूळ कृतीनुसार फराळाचे तीन गट पडतात.

* चालणारे : अनारसे (तांदूळ, गूळ किंवा साखर, खसखस), पोहे किंवा चुरमुऱ्यांचा चिवडा, बेसनाचे, मुगाचे, अळिवाचे आणि राजगिऱ्याचे लाडू, शेव, मालवणी खाजे. मात्र हिंग, पीठ आणि तळण यांची खात्री हवी.
* न चालणारे : शंकरपाळे, चिरोटे, मैद्याची किंवा रव्याची पारी असलेली करंजी, रव्याचे आणि रवा-बेसनाचे लाडू. रवा, मैदा, कणीक, शेवया आणि लापशी ही सगळी गव्हाचीच रूपे आहेत.
* विचारून खाण्याचे : चकली, कडबोळी, डिंकाचे आणि मेथीचे लाडू. चकलीची भाजणी साधारणपणे तांदूळ आणि डाळींची असते, पण काही घरांत वाफवलेल्या मैद्याची किंवा कणकेची चकली करतात. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो. डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांत कणीक भाजून घालण्याची पद्धत आहे. करंजीच्या सारणातही अनेक जण रवा किंवा कणीक घालतात.

हिंगाचा काय संबंध?

शुद्ध हिंग हा वनस्पतीचा उग्र वासाचा चीक असतो. तो तसाच वापरणे कठीण असल्याने त्यात पीठ आणि डिंक मिसळून बांधणीचा हिंग तयार करतात. हे पीठ अनेकदा गव्हाचे असते. समजा, किलोभर चिवड्याच्या फोडणीत १ ग्रॅम हिंग घातला आणि त्यातला निम्मा भाग गव्हाचे पीठ असला, तर चिवड्यात सुमारे ४० मिलिग्रॅम ग्लुटेन आले. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणवण्यासाठी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची (एफएसएसएआय) मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. म्हणजे गव्हाचा कणही न घातलेला चिवडा निव्वळ हिंगामुळे या मर्यादेच्या दुप्पट गेला. उपाय मात्र सोपा आहे. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग बाजारात मिळतो. डबीवरील घटकांची यादी वाचून तो घ्यावा किंवा फोडणीत हिंग घालूच नये.

गिरणी आणि कढईचे काय?

ज्या जात्यावर आधी गहू दळला, त्याच जात्यावर पाठोपाठ हरभराडाळ टाकली तर बेसनात गव्हाचे पीठ उतरते. काही गिरण्यांत डाळींसाठी वेगळे जाते असते, तरी उडणारे पीठ आणि झाडायचा कुंचा एकच असतो. त्यामुळे घरघंटीवर दळलेले किंवा ग्लुटेन-फ्री असे स्पष्ट लिहिलेले पाकीटबंद पीठ अधिक सुरक्षित. घरघंटीवरही गहू दळला जात असेल, तर तोच धोका राहतो.

दुसरी जागा म्हणजे तळण. शंकरपाळे तळलेल्या तेलात चकली सोडली, तर तळाशी राहिलेले मैद्याचे कण तिला चिकटतात. तेल कडकडीत तापलेले असले तरी ग्लुटेन निर्धोक होत नाही. म्हणून ताजे तेल आणि स्वच्छ कढई घेऊन ग्लुटेनमुक्त पदार्थ आधी तळावेत, मैद्याचे नंतर. चाळणी आणि लाकडी पोळपाट-लाटणे वेगळे ठेवावे, कारण जाळीत आणि लाकडाच्या चिरांत पीठ अडकून राहते.

मिठाईच्या दुकानात काय पाहावे?

बालुशाही आणि जिलेबी मैद्याची असते. गुलाबजामात बहुधा मैदा किंवा रवा असतो, तर सोनपापडीत बेसनासोबत मैदा पडतो. माहीम हलवाही गव्हाचाच. काजूकतली, पेढा, बर्फी आणि म्हैसूरपाक यांच्या मूळ कृतीत गहू नाही. मात्र एकच चिमटा सगळ्या परातींतून फिरत असेल, तर त्याचा फारसा उपयोग नाही. सुट्या मिठाईवर घटकांची यादी नसते, त्यामुळे दुकानदाराला विचारण्यावाचून मार्ग नाही.

पाकीटबंद पदार्थांत ग्लुटेन असलेली धान्ये असतील, तर तसा उल्लेख वेष्टनावर करणे नियमानुसार बंधनकारक आहे. भेट आलेल्या चॉकलेटच्या डब्यांवर ‘माल्ट’, ‘वेफर’ आणि ‘बिस्किट’ हे शब्द शोधावेत. माल्ट सहसा जवापासून बनते.

आजाराचे निदान नुकतेच झालेल्या काही रुग्णांना आतडे भरून येईपर्यंत दुधातील साखरही पचत नाही. त्यांनी खव्याची मिठाई बेतानेच खावी.

खपली गहू चालतो का?

नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर भागात पिकणारा खपली ‘पचायला हलका’ म्हणून विकला जातो आणि त्यावरून तो ग्लुटेनमुक्त असल्याचा समज पसरतो. पण खपली हा गव्हाचाच जुना प्रकार आहे आणि त्यात ग्लुटेन असते. सातूच्या पिठाबाबतही सावध राहावे. महाराष्ट्रात अनेक घरांत ते गहू आणि डाळे मिळून करतात आणि सातू हे जवाचेही नाव आहे.

मैद्याच्या पदार्थांना पर्याय काय?

ग्लुटेनमुळे पीठ ताणले जाते आणि लाटताना तुटत नाही. तांदूळ किंवा ज्वारीच्या पिठात हा गुण नसल्याने पारीला भेगा पडतात. त्यावरचा तोडगा कोकणातल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे, तो म्हणजे उकड. उकळत्या पाण्यात तांदळाची पिठी शिजवली की तिच्यातील स्टार्च फुगून चिकट होतो आणि पारी वळता येते. उकडीच्या मोदकांसोबत करतात तशी उकडीची करंजी दिवाळीतही करता येते. फक्त सारणात रवा नको.

उपासाचे जिन्नसही उपयोगी पडतात. राजगिरा, शिंगाडा, वरी आणि साबुदाणा हे चारही ग्लुटेनमुक्त आहेत. दळताना किंवा पॅकिंग करताना त्यांत गहू मिसळला नसल्याची खात्री तेवढी करावी.

सगळ्यांनीच ग्लुटेन सोडावे का?

नाही. सिलिअ‍ॅक आजार, गव्हाची अ‍ॅलर्जी किंवा डॉक्टरांनी निश्चित केलेली संवेदनशीलता नसेल, तर गहू सोडण्याचे कारण नाही. ग्लुटेनमुक्त लाडवातही तूप आणि साखर तेवढीच असते. शंका असेल तर गहू बंद करण्याआधी टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी करावी. निदान पक्के करण्यासाठी अनेकदा एंडोस्कोपीने आतड्याचा तुकडाही तपासला जातो. आधीच गहू सोडला, तर आजार असूनही दोन्ही तपासण्यांत तो दिसत नाही.

फराळाला बोलावणाऱ्यांनी काय करावे?

घरी सिलिअ‍ॅक रुग्ण, विशेषतः लहान मूल येणार असेल, तर त्याच्यासाठी वेगळा डबा आणि त्यात वेगळा चमचा ठेवावा. चिवड्याला कोणता हिंग घातला, चकली कोणत्या तेलात तळली, पीठ कुठे दळले, हे विचारण्याआधीच सांगावे. खात्री नसेल तर तसेही सांगावे आणि आग्रह करू नये. सोलून दिलेले फळ किंवा टरफलासकटचे भाजलेले शेंगदाणे, एवढेही पाहुणचाराला पुरेसे असते.