पेशवे दफ्तर : घराण्यांच्या शोधाचे ठिकाण

पुण्यात कौन्सिल हॉलनजीकच्या दगडी इमारतीत असलेले पुणे पुराभिलेखागार अभ्यासकांमध्ये आजही ‘पेशवे दफ्तर’ याच नावाने ओळखले जाते. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी हे कागद जपले ते इतिहासप्रेमाने नव्हे, तर गावाचा वसूल किती आणि कोणाचे इनाम, म्हणजे सारामाफीची जमीन, खरे की बनावट हे ठरवण्यासाठी. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर इनामदारांकडून वंशावळी आणि कैफियती, म्हणजे हक्काच्या लेखी हकीकती, मागवल्या गेल्या, आणि घराण्यांच्या उत्पन्नावर गदा आणणाऱ्या चौकशीनेच त्यांचा इतिहास लिहवून घेतला, हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या, धर्मगुरूने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी असा दंडक होता, त्यामुळे तेथील शेतमजुराचेही पूर्वज सापडू शकतात. महाराष्ट्रातील गावगाड्यात अशी वही नव्हती. येथे माणूस कागदावर येतो तो बहुधा भांडणामुळे. पाटीलकीच्या वडीलपणावरून दोन भाऊबंद भांडले की गोतसभा, म्हणजे भाऊबंद व गावकऱ्यांची न्यायसभा, बसे, दोघांकडून करीना, म्हणजे पिढ्यांची हकीकत, लिहून घेतला जाई, आणि महजरावर, म्हणजे साक्षीदारांसमक्ष लिहिलेल्या निवाडपत्रावर, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटत. एका महजरात त्यामुळे केवळ वादी-प्रतिवादींचीच नव्हे, तर साक्षीला बसलेल्या बलुतेदारांचीही नावे हाती येतात. तंटा नसलेले सुखी घराणे मात्र दफ्तरात शोधून सापडत नाही, आणि स्त्रिया दिसतात त्या बहुतांशी दत्तकाच्या किंवा वारशाच्या वादापुरत्या.

हे कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले असून बहुतेक मोडी लिपीत आहेत. कालगणना शुहूर सनाची असते: ‘तिसा सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७९, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७८ येते, परंतु हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्याने जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड छापील असल्याने सोयीचे असले, तरी त्यांचा भर राजकारणावर आहे. सामान्य कुळाच्या शोधाला ते फारसे पुरे पडत नाहीत. वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातील खासगी घराण्यांची दफ्तरे त्या दृष्टीने अधिक उपयोगी आहेत.

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कागदांतील कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यावर मोडी वाचकांची गरज एकाएकी सर्वांना जाणवली. दफ्तरात जाणाऱ्याने आडनावाच्या आधी आपले मूळ गाव, जुना परगणा आणि वतनाचा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा, प्रकार ठाऊक करून घ्यावा, कारण तेथील कागद आडनावांनुसार लावलेले नाहीत.