तार नाही, तरी तारेचा आवाज येतो कुठून?
मोबाईल ॲपमधली गिटार वाजते, पण आत तार नसते. मग आवाज कसा तयार होतो? १९८३ मध्ये केविन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी एक सोपी युक्ती मांडली.

मनाला येतील असे १०० आकडे रांगेत ठेवायचे आणि सेकंदाला ४४,१०० या वेगाने स्पीकरला द्यायचे. रांग संपली की पुन्हा सुरुवातीपासून. सेकंदाला सुमारे ४४० फेऱ्या होतात, तोच सूर! प्रत्येक फेरीत प्रत्येक आकड्याच्या जागी त्याची आणि शेजाऱ्याची सरासरी ठेवायची. त्यामुळे खरखर आधी विरते आणि सूर रेंगाळतो, अगदी खऱ्या तारेसारखा. रांग लहान केली की सूर चढतो.

हे गणित इतके हलके आहे की छोट्या चिपवरही चालते. तिला बटणे, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जोडून लाकडी डबीत बसवा. झाले तुमचे वाद्य!