महासंगणकाच्या रांगेतली निवडणूक

कॅलिफोर्नियात बर्कलीच्या टेकडीवर लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथलं संगणन केंद्र ‘नर्स्क’ या नावानं ओळखलं जातं. १९७४ साली ते लिव्हरमोरला सुरू झालं, तेव्हा काम फक्त संलयनाच्या संशोधनाचं होतं. १९९६ साली ते बर्कलीत आलं. आज तिथल्या ‘पर्लमटर’ या महासंगणकावर हजारो शास्त्रज्ञ काम करतात. त्यातल्या बहुतेकांनी ते मशीन प्रत्यक्ष पाहिलेलंही नसतं. या मंडळींचा एक वापरकर्ता गट आहे, गटाची कार्यकारी समिती आहे, आणि समितीवर जायचं तर निवडणूक लढवावी लागते. मानधन नाही, मिरवायला फारसं काही नाही. तरीही लोक उभे राहतात.

मतदारसंघ कसले?

नर्स्कचा पैसा अमेरिकी ऊर्जा खात्याच्या विज्ञान कार्यालयाकडून येतो. या कार्यालयाच्या सहा शाखा मोठ्या: उच्च ऊर्जा भौतिकी, अणुकेंद्रीय भौतिकी, संलयन, मूलभूत ऊर्जाविज्ञान, जीव व पर्यावरण, आणि प्रगत संगणन. समितीवर प्रत्येक शाखेचे प्रतिनिधी असतात, शिवाय काही सर्वसाधारण जागा. मुदत तीन वर्षांची.

ही वाटणी नुसत्या मानापानासाठी नाही, कारण प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे. हवामानाचं प्रारूप चालवणाऱ्याचा रन आठवडेच्या आठवडे तुकड्यातुकड्यानं पुढे सरकतो आणि डेटाचे डोंगर रचतो. कणभौतिकीवाल्याला एक मोठा जॉब नको असतो, त्याला एकमेकांशी संबंध नसलेले लाखभर छोटे जॉब हवे असतात. मटेरियल सायन्सवाला पदार्थांचे गुणधर्म काढणारं व्हास्प हे पॅकेज घेऊन बसलेला असतो, आणि तो संख्येनं बराच मोठा आहे.

सगळ्यांत अडचणीचं गिऱ्हाईक म्हणजे दुर्बीण. ॲरिझोनातल्या किट पीकवर डेसी नावाचं उपकरण आहे. ते ५००० प्रकाशतंतूंनी एका वेळी हजारो दीर्घिकांचा वर्णपट टिपतं. रात्री टिपलेला डेटा नर्स्ककडे येतो आणि सकाळपर्यंत त्यावर प्रक्रिया व्हावी लागते, कारण पुढच्या रात्री कुठे बघायचं हे त्यावर ठरतं. नेमकं त्याच दिवशी मशीन देखभालीसाठी बंद असेल, तर आकाश काही थांबत नाही. रसायनशास्त्रज्ञाला तेच डाउनटाइम म्हणजे चहा प्यायची सवड. दोघांचा प्रतिनिधी एकच असून कसं भागेल?

प्रचारात काय बोलायचं?

उमेदवार आपलं छोटं निवेदन देतो: मी कोण, कोणता कोड चालवतो, काय बदलावंसं वाटतं. नवखे उमेदवार इथे एक्साफ्लॉप्स, विज्ञानाचं भवितव्य वगैरे लिहून मोकळे होतात. माझ्या मते असा मजकूर मतदार पुरता वाचतही नसावा. त्याचा जॉब कालपासून रांगेत आहे, आणि त्याला रांगेबद्दल ऐकायचं असतं.

रांग सांभाळतं ते स्लर्म नावाचं सॉफ्टवेअर. जॉब टाकताना किती नोड (महासंगणकातले सुटे संगणक) हवेत आणि किती वेळ हवा हे सांगायचं, मग स्लर्म जागा शोधतं. चाचणीसाठीच्या डीबग रांगेत अर्ध्या तासाची मर्यादा, पण आत लवकर शिरता येतं. घाई असेल तर प्रीमियम रांग, तिथे आपल्या खात्यातले तास दुप्पट दरानं कापले जातात. वाट्याचे तास संपले की ओव्हररन, म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं. मोठ्या, हजार नोडच्या जॉबला झुकतं माप द्यायचं की छोट्यांना पटापट मोकळं करायचं, यावर कितीही वेळ भांडता येतं. एकाची सोय केली की दुसरा मागे सरकतोच.

दुसरा हमखास विषय म्हणजे स्क्रॅच. ही वेगवान, पण तात्पुरती साठवण. आठ आठवडे कुणी न उघडलेल्या फायली तिथून पुसल्या जातात. प्रबंधाच्या धावपळीत असलेल्या विद्यार्थ्याला हे नेमकं पुसल्यावर कळतं. काही महाभाग स्क्रिप्ट लावून सगळ्या फायलींना नुसता हात लावून ठेवतात. ते नियमात बसत नाही, हे वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी ‘फायली जाण्याआधी ठळक सूचना मिळावी’ एवढंच म्हणणारा उमेदवार मला तरी जास्त कामाचा वाटतो.

अधिकार किती?

सही-शिक्क्याचे म्हणाल तर शून्य. मशीनवरचा सुमारे ८० टक्के वेळ त्या सहा शाखांचे अधिकारी वाटतात, तेव्हा आपल्या प्रकल्पाला तास मिळवून देण्याचं आश्वासन कुणी देत असेल तर ती निव्वळ थाप.

समितीचं बळ आहे ते केंद्राच्या गरजेत. नर्स्क दरवर्षी वापरकर्त्यांची पाहणी करतं, ७ पैकी गुण मागतं, आणि लोक किती समाधानी आहेत याचा हिशेब त्याला ऊर्जा खात्यापुढे ठेवावा लागतो. नाराजी पाहणीत उमटण्याआधी समितीच्या बैठकीत कळली, तर केंद्राला हवीच असते. शिवाय पुढचं मशीन मागायचं तर ते कशासाठी, हे शास्त्रज्ञांच्या तोंडून आलेलं बरं. २००५ साली वापरकर्ता गटानं ‘ग्रीनबुक’ नावाचा अहवाल तयार केला होता, त्यात शाखाशाखांतल्या लोकांनी आपली संगणनाची गरज मांडली होती.

मशीन बदलतं तेव्हा तर प्रतिनिधीची खरी कसोटी लागते. २०२३ च्या मे अखेरीस आधीचा महासंगणक ‘कोरी’ बंद झाला. पर्लमटरचा मोठा भर जीपीयूंवर, म्हणजे मुळात ग्राफिक्ससाठी घडलेल्या चिपांवर, आहे, आणि जुने कोड त्यावर आपोआप चालत नाहीत. कित्येक भाग नव्यानं लिहावे लागतात, आणि हे काम बहुधा एखाद्या पोस्टडॉकच्या गळ्यात पडतं. जीपीयू नसलेले ३०७२ नोड पर्लमटरमध्ये आहेत, म्हणून बऱ्याच जणांचं निभावलं. यापुढचा ‘डाउडना’ एनव्हिडियाच्या चिपवर, सिम्युलेशन आणि एआय दोन्हींसाठी असेल. एआयवाले किती जागा व्यापणार, हा प्रश्न आता प्रत्येक उमेदवाराला विचारायला हवा.

इतर ठिकाणची रीत

टेनेसीतल्या ओक रिजच्या केंद्रात प्रकल्प संपल्यावरही तीन वर्षं माणूस वापरकर्ता गटाचा सभासद राहतो. हे मला शहाणपणाचं वाटतं, कारण काम उरकलेला माणूस मोकळेपणी बोलतो.

क्रे कंपनीचे महासंगणक वापरणाऱ्या संस्थांच्या ‘क्रे युजर ग्रुप’ची तऱ्हा निराळी. १९७८ पासूनचा हा गट, आणि त्यात मत व्यक्तीचं नसून संस्थेचं. एका संस्थेला एक मत, मग तिचं मशीन केवढंही असो. पुण्यात पाषाणच्या हवामान संस्थेत बसवलेला ‘प्रत्युष’ हा महासंगणक क्रे एक्ससी ४० जातीचा. तशा संस्थांसाठीच हा गट. तिथला उमेदवार साहजिकच केंद्र चालवणाऱ्यांशी बोलतो, आणि त्यांची गाऱ्हाणी कंपनीकडे असतात: कंपायलरमधले दोष, सुटे भाग, थंड पाण्याची व्यवस्था. रांगेत खोळंबलेली विद्यार्थिनी तिथे मतदार नसते.

उभं राहायचंच असेल तर

नर्स्कच्या समितीसाठी उभं राहायचं तर आधी वापरकर्ता गटाच्या मासिक बैठकांना बसा. आपल्या शाखेबाहेरच्या दोन-चार जणांना त्यांची अडचण विचारा. निवेदनात एकच ठोस मागणी ठेवा, तीही केंद्राला परवडेल अशी. निवडून आलात की ओळखीपाळखीचे लोक हमखास भेटतील आणि ‘माझा जॉब कधी लागेल?’ असं विचारतील. ते समितीला सांगता येत नाही, त्यांना स्लर्मकडेच पाठवा.